जोरात दाबा, डॉक्टर

लेम्पी निस्काला पडली तेव्हा मी समोर होते. त्यानंतर गावाने जे जे पाहिलं म्हणून सांगितलं, त्यातलं अर्धंअधिक माझ्याच कॉफीच्या खिडकीपाशी उभं राहून रचलेलं होतं, तेही मी ऐकलंय.

आमच्या खाणीच्या गावात बर्फावरच्या हॉकीची रिंक म्हणजे सगळं काही. चर्च दोन आहेत, रिंक एकच. मी तिथे कॉफी, गरम चॉकलेट आणि सॉसेजचा गाळा चालवते. लेम्पी बर्फगाडी चालवायची. खेळ थांबला की गाडी आत घ्यायची, खरवडलेला बर्फ उचलायचा, वर गरम पाण्याचा हात फिरवायचा आणि आरशासारखी रिंक मागे सोडून बाहेर पडायचं. हे काम आधी कुठल्या बाईने केलं नव्हतं. रिंकचा व्यवस्थापक गॉर्डी ऑस्बी तेव्हा म्हणाला होता, "बाईला एवढी मोठी गाडी वळवता येईल का?" तिने त्याला सांगितलं, "तुझी बायको तुला इतकी वर्षं वळवतेय ना?" नोकरी मिळाली. रिंकच्या कडेच्या फळीला लागून ती गाडी अशी न्यायची की खडबडीत पट्टा बोटभरही उरत नसे. त्यासाठी ती कायम डावीकडे झुकून, अंग पिळून बसलेली असायची.

नोव्हेंबरात एका दुपारी ती गाडीतला बर्फ मागच्या अंगणात उलटून आली आणि उतरताना ओल्या रबरावरून तिचा पाय सटकला. सिमेंटच्या कडेवर उजव्या कुल्ल्यावर धाडकन बसली. मी कॉफीचं भांडं तसंच टाकून धावले.

"काय बघतेस?" ती म्हणाली. "कॉफी करपतेय तुझी."

उठली, हात झटकले, गाडीवर चढली आणि पुढच्या डावासाठी बर्फ करून आली.

पण त्या दिवसापासून तिचं चालणं बदललं. मोटारीतून उतरताना ती दोन्ही गुडघे जुळवून सगळीच्या सगळी वळायची. जिना चढताना उजवा पाय वर ठेवला की ओठ आवळायची. अंथरुणात कूस बदलायची तर पलंगाचा दांडा धरावा लागायचा. नवरा रेइनो, जन्म खाणीत काढलेला माणूस, सकाळी तिच्या पायात मोजे चढवायचा आणि बाहेर कुणाला सांगायचा नाही. आणि कुठे दुखतं विचारलं की लेम्पी एकच बोट पुढे करायची. पट्ट्याच्या खाली, पाठीच्या मध्यापासून जरा उजवीकडे, जिथे खळगा असतो तिथे ते बोट टेकवायची. आज विचारा, आठवड्याने विचारा, बोट त्याच जागी.

डॉक्टर प्रुइट आमच्या गावचे. वाईट माणूस नव्हे, पण त्यांना कायम घाई. त्यांनी एमआरआय काढायला लावला आणि तो पडद्यावर लावून पेनाने दाखवला.

"ही बघा, खालच्या दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलीय."

"तिथे नाही दुखत मला, डॉक्टर. इथे." बोट.

"कमरेचं दुखणं खाली उतरतं, मिसेस निस्काला."

"हे उतरत नाही. इथेच ठाण मांडून बसलंय."

"तिथे फोटोत काही नाही."

"फोटो तुम्ही बघताय. दुखणं मी बघतेय."

त्या सगळ्या भेटीत डॉक्टर खुर्चीतून एकदाही उठले नाहीत. लेम्पीच्या मनात हे असं रुतलं की बाकी काहीही विसरली तरी ते विसरली नाही. "मेकॅनिकसुद्धा बॉनेट उघडतो गं, मिल्का," ती मला म्हणाली. "याने मला हातही लावला नाही."

गादीवर इलाज सुरू झाले. कमरेत सुया दिल्या, काही फरक नाही. गोळ्या दिल्या, नुसती झोप यायची. मग डुलुथ शहरातल्या सर्जनकडे पाठवलं. तो म्हणाला, ऑपरेशन करू. लेम्पी म्हणाली, नाही.

त्यावरून घरात भांडण पेटलं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते आणि निघूनही जाता येईना, कारण दार रेइनोने अडवलं होतं.

"शिकलेली माणसं आहेत ती! तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं!"

"माझ्या कुल्ल्यातलं? नाही कळत."

"हट्टीपणा आहे नुसता. तुझा बाप असाच होता."

"माझ्या बापाला पाय कापायचा म्हणाले होते. त्याने कापू दिला नाही आणि त्याच पायावर नाचत मेला. आता बाजूला हो, मिल्काला घरी जायचंय."

तोवर गॉर्डीने तिला गाडीवरून उतरवून तिकिटाच्या खिडकीत बसवलं होतं. वर म्हणे दयाच केली. एका उंच लाकडी स्टुलावर ताठ बसून राहायचं, याहून मोठी शिक्षा तिला शोधून सापडली नसती. ती उभीच राहायची. लोक म्हणायचे, बघा, उभी तर राहते की.

मग मार्चात सेंट उर्होचा दिवस आला. आमच्याकडचे फिनिश लोक त्या दिवशी जांभळं-हिरवं घालून नाचतात, आणि मी स्लोव्हेनियन असले तरी मीही नाचते. लेम्पी आली, भिंतीला टेकून राहिली, आणि पोल्का सुरू झाल्यावर रेइनोचा हात धरून मैदानात उतरली. गाणं संपेपर्यंत नाचली. कुणीतरी फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी तो गॉर्डीच्या टेबलावर.

"पोल्का नाचता येतो," गॉर्डी माझ्या खिडकीपाशी, मागे रांग उभी असताना, मोठ्याने म्हणाला, "पण गाडीवर चढता येत नाही. कमाल आहे!"

लेम्पी मागेच होती. "नाचले," ती म्हणाली. "आणि त्यानंतर दोन दिवस संडासलाही भिंत धरून गेले. तेव्हा का नाही कुणी फोटो काढला? पुढच्या वेळी बोलावते तुला, गॉर्डी. कॅमेरा घेऊन ये."

रांग हसली. पण हसणाऱ्यांतलेच काहीजण पार्किंगमध्ये "ढोंग" हा शब्द वापरत होते. रिंकच्या समितीने ठरवलं की मे महिन्याच्या सभेत सोक्षमोक्ष लावायचा. ती बरी असेल तर ढोंगाबद्दल कामावरून काढायचं, बरी नसेल तर गाडीवर कायमचा दुसरा माणूस घ्यायचा. दोन्हीकडून लेम्पीच बाहेर.

कॉरिन गुडस्कायकडे मी तिला नेलं. कॉरिन उत्तरेकडच्या ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीतली, फिजिओथेरपी शिकून आलेली, जुन्या बँकेच्या इमारतीत तिने दोन खोल्या घेतल्या होत्या. माझ्या सुनेला बाळंतपणानंतर चालता येत नव्हतं, ते कॉरिनने सुधारलं होतं. लेम्पीला डॉक्टर, थेरपिस्ट, सुया या सगळ्याचाच वीट आला होता. मी तिला खोटं सांगून नेलं, की मला माझा खांदा दाखवायचाय.

"कुणाचा खांदा?" कॉरिनने विचारलं.

"हिचा कुल्ला," मी म्हणाले. लेम्पीने माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची थोडी मागे घेतली.

मी रेइनोकडून गुपचूप आणलेली फोटोची सीडी कॉरिनने घेतली आणि न बघता बाजूला ठेवली. "हे नंतर. आधी एका बोटाने दाखवा."

बोट गेलं त्या जागी. कॉरिनने मान हलवली आणि तिला उभं करून पुन्हा पुन्हा पुढे वाकायला लावलं, मग पुन्हा पुन्हा मागे. दुखणं जागा सोडतं का, पायात उतरतं का, कमरेत चढतं का, हे विचारत राहिली. दुखणं होतं तिथेच होतं.

"गादीचं दुखणं असं वाकवलं की बहुतेक वेळा इकडेतिकडे सरकतं," कॉरिन म्हणाली. "तुमचं हललं नाही. आता झोपा. मी तुम्हाला दुखवणार आहे. पण दुखलं का, असं मी विचारणार नाही. दाबलं की कुठेतरी दुखतंच. मी विचारेन, *तुमचं ते* दुखणं आलं का? नसेल तर नाही म्हणा. मला खूश करायला हो म्हणू नका."

"आजवर कुणालाच खूश नाही केलंय," लेम्पी म्हणाली.

तिला उताणं झोपवून कॉरिनने आपले हात एकमेकांवर आडवे टाकले आणि ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडं बाहेरच्या अंगाला रेटली.

"नाही. ओढ बसतेय, पण ते नाही."

मग तिने लेम्पीचा उजवा गुडघा छताकडे उभा केला, एक हात पाठीमागच्या त्या हाडाखाली सरकवला आणि मांडीवरून सरळ खाली आपलं वजन टाकलं.

लेम्पी ओरडली. मी उठले. आणि पाहते तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी कानांत जातंय आणि ही हसतेय.

"हेच! मिल्का, हेच ते! हिला सापडलं!"

पुढे कॉरिनने तिला टेबलाच्या कडेला घेऊन एक गुडघा छातीशी धरायला लावला आणि उजवा पाय कडेवरून खाली लोंबकळू देऊन दाबला. तेच दुखणं. कुशीवर वळवून वरच्या हाडावर भार दिला, तेच. पालथं घालून कण्याच्या बुडाशी तळहात ठेवून खाली रेटलं, तेच, आणि या वेळी लेम्पीने टेबलावर मूठ आपटली.

कॉरिन घाम पुसत म्हणाली, "कण्याच्या टोकाला एक त्रिकोणी हाड आहे. दोन्ही बाजूंनी कमरेची पसरट हाडं त्याला येऊन भिडतात. तो सांधा. तो हलतो अगदी थोडा, पण अंगाचं सगळं ओझं त्याच्यावरून पायात जातं. तुम्ही पडलात ती बरोबर त्याच्यावर. फोटोत तो बहुतेक वेळा दिसायला चांगलाच दिसतो."

"म्हणजे नक्की तोच?"

"या चाचण्यांपैकी एकीच्या भरवशावर मी माझा कुत्राही सोडून जाणार नाही. पण तीन-चार मिळून एकच सांगायला लागल्या की ऐकावं लागतं. खात्री हवी असेल तर त्या सांध्यातच बधिर करायचं औषध सोडून बघतात. दुखणं गेलं तर तोच."

लेम्पी बूट घालत होती. रेइनोशिवाय, स्वतःच्या हाताने, तोंड वेडंवाकडं करत. "पुन्हा एकदा दाबतेस का?" तिने विचारलं.

"कशाला?"

"इतके महिने मला सांगतायत की माझ्या डोक्यात आहे. जरा मजा येऊ दे."

सुईसाठी डुलुथला दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं. गाडी रेइनोने चालवली, मी मागे बसले. एक्स-रेवर बघत बघत त्यांनी सांध्यात औषध सोडलं आणि म्हणाले, आता तासाभराने जे केल्याने दुखतं ते करून बघा. हॉस्पिटलची पार्किंगची इमारत उंच होती. लेम्पीने तिच्या जिन्याकडे पाहिलं आणि चढायला लागली. वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. रेइनो खाली उभा राहून ओरडत होता, "अगं, आता पुरे! लोक बघतायत!"

"बघू देत!" वरून आवाज आला.

तिसऱ्यांदा खाली आली तेव्हा तिने रेइनोसमोर उजव्या पायावर उभं राहून दाखवलं, एकट्या उजव्या पायावर. रेइनोने टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "मी त्यांना ऑपरेशन करू दे म्हणत होतो."

"म्हणत होतास."

"चुकलं."

"गाडी काढ. भूक लागलीय."

औषधाचा अंमल उतरला तसं दुखणं परत आलं, पण आता त्याला पत्ता होता.

मेच्या सभेला नगरपालिकेच्या हॉलमध्ये बसायला जागा उरली नव्हती. रिंकवर हॉकीची मॅच असावी तशी माणसं. समितीची अध्यक्ष सिग्ने ट्वेट, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, जिच्यापुढे अर्धं गाव अजूनही पाय जुळवून उभं राहतं. गॉर्डीने पोल्काचा फोटो सगळ्यांना दाखवला. मग डॉक्टर प्रुइट उठले. ते सभ्यपणे बोलले, हे मान्य करते. म्हणाले, डुलुथला दिलेलं औषध आजूबाजूलाही पसरू शकतं. आणि या दाबायच्या चाचण्यांचं म्हणाल तर त्या सगळ्या पेशंटच्या तोंडावर अवलंबून. पेशंट "आई गं" म्हणाला की चाचणी झाली.

लेम्पी उभी राहिली. सभेसाठी तिने कोट घातला होता, खाली जाड लोकरीची पँट.

"मग तुम्ही दाबा," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही दाबा. आत्ता. इथे. पाहिजे तिथे दाबा, पाहिजे त्या क्रमाने, मला न सांगता. फसवा मला. माझं नसेल तिथे मी हो म्हणाले तर उद्यापासून रिंकचं तोंड बघणार नाही."

हॉलमध्ये कुजबुज उठली. गॉर्डी म्हणाला, "हे काय नाटक! ही सभा आहे, दवाखाना नाही!"

"दवाखान्यात होते तेव्हा यांनी हात लावला नाही," लेम्पी म्हणाली. "म्हणून सभेत आणावं लागलं."

डॉक्टर म्हणाले, "मिसेस निस्काला, चार लोकांत हे बरं दिसणार नाही."

"ढोंगी म्हणून घेणं बरं दिसलं का? तेही चार लोकांतच होतं."

सगळ्यांनी सिग्ने ट्वेटकडे पाहिलं. तिने चष्मा काढला, पुसला आणि समितीच्या लोकांना म्हणाली, "टेबलावरचे कप उचला."

कप उचलले गेले. लेम्पी कोट काढून दोन झेंड्यांच्या मध्ये, त्या लांब टेबलावर आडवी झाली आणि छताकडे बघत राहिली. मी तिचा कोट धरून उभी होते.

डॉक्टरांनी बाह्या वर केल्या. आधी डावीकडचा गुडघा उभा करून दाबला. "नाही." उजवा गुडघा नुसताच दुमडला. "ओढ बसते. माझं नाही." त्यांनी तिला पालथं केलं आणि जिथे गादी बाहेर आली म्हणाले होते तिथे, कमरेत, अंगठा रोवला. "जरा दुखतं. पण हे दुसरं. हे सगळ्यांनाच असेल, तुम्हालाही असेल." मागे कुणीतरी हसलं. पाठीत मध्यावर दाबलं. "नाही." आणि मग त्यांनी तळहात खाली, त्या त्रिकोणी हाडावर आणला आणि हलकेच रेटला.

"जोरात दाबा, डॉक्टर."

त्यांनी जोरात दाबलं. लेम्पीचा श्वास अडकला. "हे माझं."

"म्हणणारच ती!" गॉर्डी म्हणाला.

"मिस्टर ऑस्बी, गप्प बसा," डॉक्टर न वळता म्हणाले. त्यांचा चेहरा बदलला होता. आता ते सभेत नव्हते, कामात होते. त्यांनी तिला कुशीवर घेतलं. "हे माझं." उताणं घेऊन पुन्हा डाव्या बाजूला फसवून पाहिलं. "नाही." आणि शेवटी उजवा गुडघा उभा करून खाली हात घातला, वजन टाकलं, आणि ती काही बोलायच्या आतच थांबले. हाताखाली तिचं अख्खं अंग दगडासारखं झालेलं त्यांना कळलं असणार.

ते बाजूला झाले आणि बाह्या खाली करत हळूच म्हणाले, "हा सांधा मी तपासलाच नव्हता."

"मोठ्याने बोला," लेम्पी टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली. "मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."

डॉक्टर प्रुइट वळले. त्यांनी आवाज चढवला. "हा सांधा मी तपासला नव्हता. तपासायला हवा होता. माझ्या मते या बाई खरं बोलतायत."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. आमच्याकडे तशी पद्धत नाही. पण बऱ्याच जणांनी खुर्च्या सरकवल्या, खोकले, आणि पार्किंगमध्ये तो शब्द वापरणारे दोघे आधीच बाहेर सटकले. लेम्पी टेबलावरून उतरली, दोन्ही गुडघे जुळवून, सगळीच्या सगळी वळून.

सगळं छान झालं, असं सांगितलं तर खोटं होईल. उन्हाळाभर ती कॉरिनकडे गेली आणि कंटाळवाणे व्यायाम केले. कुल्ल्याचे स्नायू, पोटाचे स्नायू, तेच ते रोज. कमरेखाली रुंद पट्टा बांधायला सांगितला होता, तो तिने कपड्यांच्या आत नाही, बाहेर बांधला, जाकिटावरून, गावातून फिरताना. "बघायचं होतं ना त्यांना?" ती म्हणायची. समितीने तिला ऑक्टोबरात गाडी परत दिली. पण तिने अट घातली की गाडीला आणखी एक पायरी हवी आणि फळीकडची कड दिसेल असा आरसा हवा, म्हणजे अंग पिळायला नको. गॉर्डी म्हणाला, आजवर कुणाला लागला नाही आरसा. सिग्ने ट्वेटने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पायरी रेइनोने स्वतः वेल्ड केली.

गॉर्डीने कधी माफी मागितली नाही. लेम्पीनेही अपेक्षा केली नाही. ती दोघं बर्फाच्या जाडीबद्दल बोलतात, दुसरं काही नाही. डॉक्टर प्रुइट मात्र आता खुर्चीतून उठतात. माझा गुडघा सुजला तेव्हा त्यांनी तो इतका दाबला की मीच म्हणाले, पुरे.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही. कडाक्याच्या थंडीत परत येतं आणि एखाद्या हिवाळ्यात सुई घ्यावी लागते. गेल्या शनिवारी स्पर्धा होती, दिवसभर गाडीवर चढउतार, आणि संध्याकाळी ती माझ्या गाळ्यावर आली तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. मी अक्रोडाच्या पोटिकाची, आमच्या स्लोव्हेनियन गोड पावाची, जाड फोड कापून दिली आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बस ना जरा, लेम्पी. मेलीस दमून."

"नाही बसत," ती म्हणाली, आणि खिडकीला कोपर टेकून उभ्याउभ्याच खायला लागली.